सहावा राउंड

सहलीच्या पत्रकात जिला 'मोकळी दुपार' म्हणतात, तिच्याइतकी जखडलेली दुपार शोधून सापडायची नाही. बस थांबते, गाईड माईकवरून सांगते की आता चार तास तुमचे, हवं तिथे जा, हवं ते करा. चाळीस माणसं खाली उतरतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहतात. आयुष्यभर कारखान्याच्या भोंग्यावर चाललेली माणसं ती, मोकळ्या वेळाचं करायचं काय हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. मग एक जण म्हणतो, कॉफी घेऊ या का? की निघाली वरात त्याच्या मागे.

एरल डगनच्या अशा दोन दुपारी आधीच वाया गेल्या होत्या. लॉन्सेस्टनला त्याला दरीवरच्या झुलत्या पुलावर एकट्याने जायचं होतं, तर अर्धी बस सोबत आली आणि पुलाच्या मधोमध उभी राहून गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत राहिली. डेव्हनपोर्टला तो बंदरावरच्या बाकावर डोळे मिटून बसला, तर याला चक्कर आली असं समजून बसमधल्याच स्नो नावाच्या एका सोबत्याच्या बायकोने सगळ्यांना गोळा केलं. भलं करणाऱ्यांच्या तावडीतून सुटणं फार अवघड असतं.

तिसरी मोकळी दुपार बर्नीत होती, आणि त्या एका दुपारसाठी एरलच्या बायकोने, कोरलीने, ही अख्खी सहल गळी उतरवली होती. सहल ऑस्ट्रेलियातल्या किलारा क्रीक गावच्या निवृत्त कामगारांच्या क्लबची. सगळे तिथल्या मांसाच्या कारखान्यात जन्म काढलेले, सगळे एकमेकांना नको तितके ओळखणारे. पंधरा दिवस टास्मानिया बेट फिरायचं, रोज बसमधल्या जागा बदलायच्या म्हणजे प्रत्येकाला खिडकी मिळते, आणि रोज रात्री कोकराचं मटण खायचं. कोरलीला यातल्या कशातच रस नव्हता. बर्नीत टेकडीवर त्या दोघांची मुलगी नरेल राहत होती, आणि एरलने त्या मुलीचं तोंड दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

कारण होतं संप. दहा वर्षांपूर्वी कारखान्यात मोठा संप झाला. हिवाळाभर माणसं फाटकाबाहेर पिंपात लाकडं जाळून बसली. एरलचा जावई ब्रेटही पहिले दोन महिने बसला. मग एका सकाळी तो उठला आणि कामावर गेला. नरेलला सातवा महिना होता, त्याआधीचं मूल पोटातच गेलेलं, आणि घरात होतं नव्हतं ते सगळं संपलं होतं. ब्रेट फाटकाशी आला तेव्हा सगळे गप्प झाले. एरलचा जावई, तेव्हा एरलने ठरवायचं. एरलने ठरवलं. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, तोच पहिल्यांदा ओरडला, "संपफोड्या!" मग बाकीच्यांनी तो शब्द उचलला, आणि ब्रेट आत जाईपर्यंत खाली ठेवला नाही.

त्या संध्याकाळी नरेलने बापाला सांगितलं की माझ्या नवऱ्याला हे नाव ठेवणाऱ्याने माझ्या उंबऱ्याला पाय लावू नये. संप मिटला, नवराबायको गाव सोडून गेली, मुलगी झाली, तिचं नाव टिली ठेवलं, हे सगळं एरलला कोरलीच्या फोनवरून कळलं. म्हणजे दर रविवारी ती फोनवर बोलायची आणि हा बाहेर टोमॅटोंना पाणी घालायचा, खिडकीच्या अगदी जवळच्या टोमॅटोंना. त्या वाफ्यात कायम चिखल असायचा.

गेल्या नाताळात नरेल फोनवर म्हणाली होती, डॅड येणार असतील तर येऊ देत. ब्रेटची हरकत नाही.

बारा वाजता बस बर्नीच्या बंदराशी थांबली. गेनर ही त्यांची ड्रायव्हर आणि गाईडही. साडेचारला बस सुटणार, बस कुणासाठी थांबत नाही, मागच्या वर्षी आपण एका डॉक्टरला मागे सोडून गेलो होतो, हे तिने रोजच्यासारखंच अभिमानाने सांगितलं. कोरलीने मैत्रिणीकडे जाते असं चारचौघींना सांगितलं आणि टॅक्सी बोलावली. एरलचा पाय निघेना.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "जरा तिचा अंदाज घे. मी एक बिअर घेतो आणि येतो मागून."

कोरलीने त्याच्याकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षांचा संसार, तिला काय कळायचं राहिलं होतं? "एक म्हणजे एक," ती म्हणाली. "आणि तोंड जरा सरळ करून ये, मयताला आल्यासारखं नको."

एरलने मुद्दाम मागच्या गल्लीतला पब निवडला. मोठ्या रस्त्यावरच्या पबात आपली माणसं असणार, एवढं त्याला कळत होतं. पण मोठ्या रस्त्यावरच्या पबात बायका जेवायला बसल्या होत्या, म्हणून आपली माणसं मागच्या गल्लीत आली होती. दार ढकललं तर समोर पाच जण, आणि त्यांच्या मधोमध वॉली हॅड्रिक, एके काळचा युनियनचा म्होरक्या. एरलने दार सोडायच्या आत वॉलीने हात वर करून बारवाल्या बाईला सहावा ग्लास सांगितला होता.

आता तिथली रीत अशी. घोळक्यात प्यायला बसलात की आपापलं कुणी घ्यायचं नाही. एकाने सगळ्यांचं आणायचं, ते संपलं की दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. सहा माणसं म्हणजे सहा राउंड. दुसऱ्याची बिअर पिऊन आपला राउंड न करता उठणारा माणूस त्या मुलखात मेल्यावरही सुटत नाही. स्मशानातून परतताना लोक त्याचीच आठवण काढतात. बायको सोडून गेलेल्याला माफी असते, तुरुंगात जाऊन आलेल्याला असते, याला नसते. आणि कोण कितव्या नंबरावर, हे आला त्या क्रमाने ठरतं. एरल शेवटी आला होता.

सरळ 'नको' म्हणून निघून गेला असता तर? पण मग कुठे जातोस हे विचारलं असतं. कोरलीचं निमित्त ठीक होतं, बायकांच्या मैत्रिणी कुठेही असतात. एरलची मैत्रीण बर्नीत कुठून येणार? तो बसला. ग्लास समोर आला आणि त्याने पहिला घोट घेतला. बस्स, अडकला.

पहिला राउंड तसा लवकर संपला असता, पण स्नो होता. स्नोचे केस तरुणपणीच पांढरे झाले म्हणून त्याला स्नो म्हणायचे. आता त्याला लघवीच्या गोळ्या चालू होत्या, आणि डॉक्टरने जपून पी म्हणून सांगितलं होतं. तो चिमणीसारखा चोच बुडवायचा. सगळ्यांचे ग्लास रिकामे झाल्याशिवाय पुढचा राउंड आणायचा नाही हीसुद्धा रीतच, त्यामुळे सगळी मंडळी स्नोच्या चोचीकडे बघत बसायची. एरल तर त्याच्या ग्लासावरून डोळा काढत नव्हता. आपण काही खोटं करत नाही, रीत पाळतोय, असं तो स्वतःला सांगत होता, आणि हे सांगावं लागतंय याचाच त्याला राग येत होता.

दुसऱ्या राउंडच्या आधी तो सहज उठल्यासारखा उठला. म्हणाला, हा माझा असू दे, पाय मोकळे होतील. वॉलीने त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

"टेरीचा नंबर आहे," तो म्हणाला. "रांग मोडायची नाही, एरल. तुला मी सांगायला पाहिजे का?"

सगळे हसले. तीस वर्षं युनियनच्या सभांत एरल हेच दुसऱ्यांना सांगत आला होता.

मग तो संडासाला गेला. पुढच्या दाराने गेलं तर दिसणार, मागे काही वाट असेल तर बघावी, असा विचार होता. मागचं दार उघडलं तर रिकाम्या पिंपांचं अंगण, आणि त्याला डोक्याच्या वर जाईल इतकं पत्र्याचं कुंपण. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस त्या कुंपणाला हात लावून क्षणभर उभा राहिला. लहानपणी याच्या दुप्पट उंचीवरून उड्या मारल्या होत्या. पलीकडे कुठे तरी टेकडीकडे जाणारा रस्ता होता. मान वर केली तर घरांची टोकं दिसत होती. त्यातलं एखादं नरेलचं असेल. त्याला एकदम रडूच यायला लागलं, तेव्हा तो घाईघाईने आत आला.

खिशातला फोन वाजला. कोरली. तो वाजू दिला. टेरी म्हणाला, घे की, वहिनी ओरडेल. एरल म्हणाला, ओरडू दे. यावर पुन्हा सगळे हसले, आणि एरललाही हसावं लागलं.

तिसऱ्या राउंडला संप निघालाच. तो निघतोच. त्या माणसांनी आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली होती, आणि ती हरले होते, त्यामुळे तिच्याबद्दल बोलणं कधी संपत नव्हतं. पाऊस, पिंपातली लाकडं, पोलिसांचे घोडे, कुणाच्या बायकोने पाठवलेलं सूप. कारखाना तर पुढे दोनच वर्षांत बंद पडला, संपात गेलेले आणि न गेलेले सगळेच घरी बसले. पण हे कुणी बोलत नसे. वॉली सांगत होता, आणि सांगता सांगता त्याने एरलच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपण सगळे ओरडलो ते परक्यांवर," तो म्हणाला. "यानं स्वतःचं माणूस तोडलं. पोटची पोर गेली, पण हा हलला नाही. अशी माणसं आता होत नाहीत."

बाकीच्यांनी ग्लास उचलले. दहा वर्षं हे असंच चालत आलं होतं. क्लबात एरलला खुर्ची सोडायचे, नव्या सभासदांना 'हा बघ तो' म्हणून दाखवायचे. आधी आधी त्याला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. मुलगी गेली त्याच्या बदल्यात काही तरी मिळालं, असं वाटलं होतं. आता वॉलीचा तो जड हात खांद्यावर होता आणि एरलला वाटलं, आपण उठलो तर हा हातसुद्धा उठणार, आणि मग आपल्या खांद्यावर काहीच राहणार नाही. तो उठला नाही. राउंडची रीत हे निमित्त होतं. तो इथे अडकला होता तो भीतीने, आणि ती बिअरच्या आधीपासून होती.

चौथा झाला. पाचव्याला स्नो उठला, कारण पाचवा त्याचाच होता, आणि ट्रे घेऊन येताना त्याने अर्धी बिअर सांडली. फोन पुन्हा दोनदा वाजला. घड्याळात साडेतीन होऊन गेले होते. बारवरच्या टीव्हीवर घोड्यांची शर्यत चालू होती, आणि सगळे तिकडे बघत होते, कुणाचाही त्यात पैसा नव्हता.

"चल एरल," वॉली म्हणाला. "आला तुझा नंबर."

एरल बारशी गेला. बाईने सहा ग्लास भरले. ट्रे दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता, तो टेबलाशी आला आणि प्रत्येकापुढे एकेक ग्लास ठेवला. आपला ठेवला नाही, ट्रेमध्येच राहू दिला. आता तो कुणाचं काही देणं लागत नव्हता. रीत पुरी झाली होती. हीच ती वेळ होती, आणि ती गेली तर वॉली पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार होता.

"मी निघतो," एरल म्हणाला.

"कुठे? बसला अजून वेळ आहे."

"नरेलकडे. इथेच राहते ती, वर टेकडीवर. कोरली तिकडेच गेलीय."

टेरीने टीव्हीकडे बघायचं नाटक केलं. "पोरीला भेट," वॉली शेवटी म्हणाला. "पोरगी आहे ती, तिचं काय चुकलं. तिला इकडे बोलव, आम्हीही भेटतो. तो नाही ना तिथे?"

खोटं बोलायला केवढी तरी जागा होती त्या प्रश्नात. वॉलीने ती मुद्दाम ठेवली होती. मित्रच होता तो.

"त्याचंच घर आहे," एरल म्हणाला. "त्यालाच भेटायला चाललोय."

वॉलीने समोरचा भरलेला ग्लास एका बोटाने हळूच टेबलाच्या मध्यावर ढकलला. मग टेरीने ढकलला. मग उरलेल्या दोघांनी. स्नोने ग्लास उचलून तोंडाजवळ नेला होता, त्याने एकदा एरलकडे बघितलं, एकदा वॉलीकडे, आणि खाली ठेवला. एखाद्याने आणलेला राउंड न पिणं, याच्या पलीकडे त्या लोकांत शिवी नाही. तोंडाने शिवी दिली तर उलट देता तरी येते.

कुणी तरी काही तरी म्हणेल असं एरलला वाटत होतं. मग तो पुढच्या दाराने बाहेर पडला.

टेकडीचा चढ चांगलाच होता आणि पोटात पाच ग्लास होते. दोनदा त्याला कुंपणाला टेकून उभं राहावं लागलं. घर सापडलं तेव्हा चार वाजून गेले होते. दारात कोरली कोट घालून, पर्स खांद्याला अडकवून उभी होती. तिच्या मागे नरेल होती. कानाशी केस पांढरे झालेली, बापाच्याच हनुवटीची. तिच्या हाताखालून एक नऊ वर्षांची मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"वास येतोय," नरेल म्हणाली. "किती घेतल्यावर माझं घर दिसतं, डॅड?"

"पाच," एरल म्हणाला. खरं तेच सांगितलं.

नरेलला हसू आलं नाही, पण ती दारातून बाजूला झाली. टेबलावर त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवलेलं होतं. चार खुर्च्या होत्या. एरलने आतल्या खोलीकडे पाहिलं, मागच्या अंगणाकडे पाहिलं. दिवसभर तो ज्या माणसासमोर कसं उभं राहायचं याची तालीम करत होता तो माणूस कुठेच नव्हता.

"ब्रेट कुठंय?"

"बाहेर गेलाय."

"कामाला?"

"आज सुट्टी काढली होती त्याने," नरेल म्हणाली. "बारा वाजून गेल्यावर मम्मीची टॅक्सी आली तशी उठला आणि गेला. म्हणाला, त्यांना मोकळेपणी येऊ दे, माझ्यामुळे त्यांना अवघड नको. खाली धक्क्याजवळ गाडी लावून बसलाय. बस गेली की फोन करून सांग म्हणाला."

एरल खुर्चीला धरून उभा राहिला. म्हणजे चार तास. आपण खाली पबात याच्या भीतीने बसलो होतो, आणि हा आपल्यासाठी स्वतःच्या घराबाहेर बसला होता. दोघांच्या मधे फक्त चार गल्ल्या. त्याला आपली इतकी लाज वाटली की खाली बसवेना.

"फोन करते, बोलावते त्याला," नरेल म्हणाली.

"नको. मी जातो."

"एरल, आपली बस सुटेल," कोरली म्हणाली.

"जाऊ दे बस."

कोरलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पर्स खुर्चीवर ठेवली, कोटाची बटणं सोडली, आणि फोन काढून गेनरला कळवलं की दोन माणसं कमी, उद्या पुढच्या गावी येऊन मिळतील. पलीकडून गेनरचा आरडाओरडा सगळ्यांना ऐकू आला.

उतार चढाइतकाच त्रासदायक निघाला. धक्क्याजवळ एकच गाडी होती, समुद्राकडे तोंड करून लावलेली, तिच्या काचा आतून धुरकटलेल्या. एरलने काचेवर टकटक केली. आतला माणूस दचकला. जाड झाला होता, चष्मा लागला होता. त्याने काच खाली केली आणि आधी एरलच्या मागे बघितलं, आणखी कोण आहे म्हणून.

"तुम्ही वर जा ना," ब्रेट म्हणाला. "नरेल वाट बघतेय. माझी काळजी करू नका, बस जाईपर्यंत मी इथेच आहे."

एरल वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला, दार उघडून त्याच्या शेजारी बसला. गुडघे समोर आपटले. बोलायचं बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"मी ओरडलो होतो," तो म्हणाला. "पहिला मीच."

"मला माहितीय," ब्रेट म्हणाला. "तुमचा आवाज ओळखला मी."

एरलने माफ कर असं म्हटलं, पण इतक्या हळू की आपण ते खरंच म्हणालो का याची त्यालाच खात्री वाटेना. ब्रेटने मान हलवली, तेव्हा कळलं की म्हणालो.

मागून इंजिनाचा आवाज आला. पश्चिमेला जाणारा रस्ता धक्क्याला लागूनच जातो, आणि वळणापाशी सगळ्यांनाच वेग कमी करावा लागतो. ब्रेटने आरशात बस पाहिली. इतक्या वर्षांच्या सवयीने तो खुर्चीत खाली घसरला, आणि एरलच्या बाहीला धरून त्यालाही ओढायला लागला.

"वाका खाली," तो म्हणाला. "तुमची माणसं आहेत. बघतील तुम्हाला."

वरच्या खिडक्यांतून चेहरे दिसायला लागले. स्नो दिसला. त्याच्या मागच्या खिडकीत, आज नेमकी जागा बदलून आलेला, वॉली. तो थेट गाडीतच बघत होता.

एरलने आपल्याकडची काच खाली केली. "बघू देत," तो म्हणाला, आणि बस वळणाआड जाईपर्यंत तसाच, ताठ बसून राहिला. ब्रेटला वर सरकून सरळ बसायला बराच वेळ लागला.